आधी ठिगळ लावून गेलेल्या माणसास

तुझं नाव कागदपत्रांत नाही.
विकणाऱ्या बाईला एवढंच आठवत होतं
की तिच्या नवऱ्याने बोट घेतली तेव्हाही
डेक डावीकडे दबायचं,
पाय ठेवला की सुस्कारा टाकायचं.

ट्रेलरवरून घरी आणली, कोत्काच्या बाहेर,
बर्चखाली फळ्यांचा आणि ताडपत्रीचा मांडव घातला.
शेजारच्या इल्पोने जॅक दिला, आणि सल्ला:
जाळून टाक.
फायबरग्लास धड जळतही नाही,
हेही त्यानेच सांगितलं, जाता जाता.

मी एकतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढली.
अर्ध्या गावाच्या कवळ्या माझ्या हातच्या.
रेझिन मला कळतं.
आधी मधासारखं ओघळतं,
मग हट्टाला पेटतं,
कपातल्या कपात धुमसून दगड होतं.
वाटलं, साडेसहा मीटरची बोट
म्हणजे एक थोरली कवळीच की.

नोव्हेंबरात हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले.
टण्. टण्. टण्. भद्द.
पेन्सिलने खूण. पुन्हा भद्द.
साडेतीनला अंधारलं तोवर
डेकवर तुझा अख्खा नकाशा उमटला होता.

कापलं. आतलं लाकूड
चहाच्या चोथ्यासारखं मुठीत आलं.
आणि दोर बांधायच्या खुंटीखाली
तू घातली होतीस
ब्रेड कापायची फळी.
स्वयंपाकघरातली. सुरीच्या चऱ्यांसकट.
वर मोटारीची लांबी,
त्यावर पांढरा रंग, तेरड्याचा.

हिवाळाभर तुला शिव्या घातल्या.
मास्कच्या आत, ग्राइंडरच्या आवाजात,
बाह्यांना चिकटपट्टी लावूनही
काच मनगटात शिरायची तेव्हा तर नाव नसल्याची पंचाईत व्हायची.
शिवीला नाव लागतं.
वेळमाऱ्या म्हणायचे मी तुला.
बहिणीचा नातू वीती शनिवारी यायचा,
एक टोक उचलायचा, फोन बघायचा, जायचा.
बाकी दिवस तू आणि मी.

मग एप्रिल. हिटर लावून, रात्री
विजेची गोधडी पांघरून
डेक पुन्हा घातलं. सरळ. टणक. मी खूश.
उरला मागचा कोपरा,
सुकाणूच्या खाली, जिथे
डोकं जातं तर खांदा जात नाही.
बॅटरी दातांत धरली (माझे दात अजून माझेच आहेत).
काचेचं कापड दुमडलं, निसटलं,
कप हातात गरम व्हायला लागला,
तीन मिनिटं, दोन,
टोक धरायला पलीकडे कोणी नाही.
आणि मी
हाताला लागलं ते कोंबलं तिथे,
कापड, बोळा, हातमोज्याचं बोट,
अंगठ्याने दाबलं, लिंपलं,
पालथी पडून राहिले.

तेव्हा तू आलास.
म्हणजे तुझी ती रात्र आली:
रविवार असणार, दुकानं बंद,
कप तापलेला, सोमवारी कोणाला तरी
बोट चालू करून द्यायची,
आणि तू स्वयंपाकघरात जाऊन
भिंतीवरची फळी उतरवलीस.
घरात सकाळी कोणी विचारलं असेल, ती कुठे गेली?
काय सांगितलंस?

ती मी फेकली नाही.
घासली, तेल लावलं. तेव्हा दिसलं,
चरे सगळे उलट्या बाजूला कललेत.
तू डावखुरा होतास.
एवढी ओळख पुरे आहे मला.

जूनमध्ये क्रेनने तिला पाण्यात ठेवलं.
धक्क्यावर इल्पो हाताची घडी घालून उभा.
मी वर हात केला नाही,
खाली उतरले, बॅटरी घेऊन,
त्या कोपऱ्यात बोट घातलं.
कोरडा.
दहा मिनिटांनी पुन्हा घातलं.
कोरडा, बहुतेक. घामही असेल.

फळी आता वर, चुलीशेजारी.
मी उजव्या हाताने ब्रेड कापते,
तुझ्या चऱ्यांवर माझे आडवे पडतात.
आणि सुकाणूखाली, जिथे तो गोळा आहे,
त्याच्याशेजारी पेन्सिलने लिहून ठेवलंय,
जो पुढे येईल त्याच्यासाठी:
इथे हात पोचत नाही. मला माहीत आहे.